हाताने बदलू नये

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती साहेब आणि सभागृहातील सर्व मंडळी, नमस्कार.

मी तुमच्या कंपनीतली नाही. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिथे फारसं बोलावं लागत नाही. माझा मोठा भाऊ इथे होता. दोन महिन्यांपूर्वी तो गेला. साहेब आता मुख्य कार्यालयात मोठ्या पदावर चालले आहेत, तेव्हा दादाच्या घरच्या कुणीतरी दोन शब्द बोलावेत, ही त्यांचीच इच्छा. त्यांचा फोन आला तेव्हा आमच्याकडे माणसं भेटायला आली होती. "ताई, फार वाईट झालं," म्हणाले. मग जरा थांबून, "दादांचा लॅपटॉप घरीच आहे ना?" दुसऱ्याच्या दुःखातही ज्याला काम सुचतं, त्याची निष्ठा काय वर्णावी?

सत्कार बिल्ड, म्हणजे सगळ्या फाइली जोडून चालता प्रोग्राम तयार करायचं काम, वेगवान केल्याबद्दल आहे. पाहुण्यांसाठी सांगते. इथल्या विम्याच्या प्रोग्राममधल्या हजारो फाइली माणसांनी लिहिलेल्या नाहीत. विमा कंपनीचे फॉर्म वाचून त्या लिहिणारा एक छोटा प्रोग्राम होता, तो दादाचा. कुणी कुठे एक ओळ बदलली, तरी बिल्ड करताना तो सगळ्या फाइली पुन्हा लिहायचा आणि त्या सगळ्या पुन्हा जोडल्या जायच्या. तुमचा चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, बिल्ड आपलं चालूच. दादाने जेवताना मला उपाय सांगितला होता. जो फॉर्म बदलला त्याचीच फाइल लिहायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. "पंधरा दिवसांचं काम आहे गं, पण साहेब ऐकतील तर."

साहेबांनी एका दुपारीच उरकलं. तयार फाइली कंपनीच्या साठ्यात कायमच्या ठेवल्या, दादाचा प्रोग्राम काढला आणि साठा हलका व्हावा म्हणून त्याच्या जुन्या प्रतीही पुसल्या. "अंडी फ्रीजमध्ये आहेत, आता कोंबडीला दाणे कशाला?" सगळे हसलात म्हणे. दादाही हसला. कोंबडी कोण, ते त्याला महिनाअखेरीस कळलं.

नोकरीवरून काढलं, त्या शेवटच्या दिवशी त्याला घरचा लॅपटॉप आणायला लावला, कारण तो त्यावरही काम करायचा.

"सगळं पूस. माझ्यासमोर."

"साहेब, यात आईचे फोटो आहेत. तेवढे काढून घेतो."

"फोटोंच्या नावाखाली काय काय नेतात, मला ठाऊक आहे. पूस म्हटलं ना!"

आमची आई तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. दादाने पुसलं. घरी आल्यावर लॅपटॉप कपाटात ठेवला आणि पुन्हा कधी उघडला नाही. पुढे डॉक्टर म्हणाले, हृदय. मी कुणाला दोष देत नाही. हृदय साहेबांच्या हाताखाली नव्हतं.

त्या प्रत्येक फाइलीच्या वर दादाचीच एक ओळ असते म्हणे: ही फाइल प्रोग्रामने लिहिली आहे, हाताने बदलू नये. आता विमा कंपनीने सगळे फॉर्म बदलले आहेत आणि तुम्ही हजारो फाइली हातानेच बदलत बसला आहात. वेळेत झालं नाही तर ते काम दुसरीकडे देणार. मघाशी दारात एक जण माझी पिशवी बघून म्हणाला, "आणलात ना ताई? वाचवलंत बघा!" मी नमस्कार करून आत आले.

अध्यक्ष महोदय, दादाने त्या प्रोग्रामची गुपचूप एक प्रत ठेवली असेल, असं साहेबांना वाटतं. माणूस दुसऱ्याला स्वतःवरून ओळखतो. दादा मात्र सांगितलेलं करायचा. लॅपटॉप मी आणला आहे, साहेबांनी पुसून घेतला तसाच. आमच्या घरातर्फे तो साहेबांना भेट.

मला बोलावलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोलले असेन तर पोटात घाला.

साहेब, उठू नका. मी आणून देते.