त्या पुस्तकात आमचा संप होता

माझं गाव देवगडच्या बाजूला, खाडीकाठी. शाळा सातवीपर्यंत, कारण पुढची शाळा खाडीपलीकडे, आणि मुलीला रोज होडीतून कोण पाठवणार? म्हणून घरी बसले. पण वाचायची गोडी अशी, की वाण्याकडून साखर आली की मी पुडीचा कागद उलगडून वाचायची. अर्धीच गोष्ट असायची त्यात, पुढची मनानं रचायची. आई म्हणायची, ह्या चेडवाक जेवणापरास कागद बरो.

लग्न झालं आणि आले लालबागला. हे गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. पहाटे भोंगा झाला की मी चुलीवर पाणी ठेवायची, ह्यांची आंघोळ होईपर्यंत डबा भरायची. माणूस मुळात अबोल, पण घरी आले की कपड्यांना कापसाची बारीक लव लागलेली असायची, ती मी झटकायची, तेवढ्यात चार शब्द बोलायचे. मग संप झाला. लोक म्हणाले महिना, दोन महिने. काय सांगू तुम्हाला, तो संप मिटलाच नाही आमच्यासाठी. शेजारची बिऱ्हाडं गावाला गेली, आम्ही राहिलो, मुलगी अंगावर पीत होती माझ्या.

एक दिवस हे म्हणाले, शिवडीला गोदामात काम मिळालं, उद्यापासून डबा दे. मला काय आनंद झाला! रोज भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून द्यायची. हे सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. घर माझ्या पापडांवर आणि गावच्या तांदळावर चाललेलं. मुकादम पगार अडवून ठेवतो म्हणायचे, मी हो म्हणायची. आणि एकदा मुलीला दवाखान्यात घेऊन चालले होते, तर वाटेत ती बाग लागते ना, तिथं बाकावर हे. डबा उघडून एकटेच जेवत होते. आजूबाजूला आणखीनही तसेच दोघं-तिघं, डबे उघडून बसलेले. एकमेकांकडे बघत नव्हते कोणी. मी पदर पुढे घेतला आणि दुसऱ्या वाटेनं गेले. संध्याकाळी ह्यांनी डबा दिला, मी घासला, दुसऱ्या दिवशी परत भरला. असे किती महिने.

पुढं खोली सोडली, मुलुंडला डोंगराच्या अंगाला आलो. ह्यांना एका सोसायटीत वॉचमनचं काम लागलं आणि मला वाचनालयात. आमच्या मॅडमचं छोटंसं वाचनालय, माझं काम घरोघरी पुस्तकं पोचवायची आणि जुनी परत आणायची. पिशवीत पुस्तकं घेऊन जिने चढायची मी, आणि जिन्याच्या वळणावर टेकून दोन-दोन पानं वाचायची. आधी बायका मागायच्या त्या कादंबऱ्यांत सुना घुसमटलेल्या, मग सुना ऑफिसला जायला लागल्या तर पुस्तकातल्याही जायला लागल्या, आणि हल्ली पुस्तकांत म्हातारा-म्हातारी दोघंच, मुलं अमेरिकेला. मी ज्या दारात बेल वाजवते त्या दारामागेही तेच. आमच्याकडे एक कांबळे सिस्टर यायच्या, मूळच्या मराठवाड्याच्या, हॉस्पिटलात होत्या. एकदा पुस्तक परत देताना म्हणाल्या, हे वाचताना माझी आजी समोर बसलीय असं वाटलं गं, आमच्या गावाबाहेरच्या वस्तीची विहीर कुठं होती ते कुणीतरी पहिल्यांदाच लिहिलंय. पुस्तक हातातून सोडवेना त्यांना.

संपाबद्दल मात्र ह्यांनी कधी तोंड उघडलं नाही. टीव्हीवर गिरण्यांचं काही लागलं की उठून गॅलरीत जायचे. मुलीनं विचारलं तरी नाही.

मग ह्यांचे गुडघे गेले, काम सुटलं, नजरही अधू झाली, दुपारी नुसते बसून राहायचे. त्यात मॅडमनी एक कादंबरी आणली, एका बाईनं लिहिलेली, संपाच्या काळातली. मी भीतभीत म्हटलं, वाचून दाखवू? हे उठून गॅलरीत गेले नाहीत. मग रोज दुपारी थोडं थोडं वाचायची. भोंगा आला, मोर्चे आले, हे डोळे मिटून ऐकायचे. आणि एका दुपारी असं आलं, की त्यातली बाई नवऱ्याला डबा भरून देते, आणि तिला माहीत असतं तो कामाला जात नाही. मी थांबले. पुढचं वाक्य डोळ्यांपुढं होतं, पण वाचवेना.

हे डोळे उघडून बघत होते माझ्याकडे. मग हळूच म्हणाले, तुका ठाऊक होता?

मी मान हलवली.

मगे बोललंस नाय कधी?

मी म्हटलं, तुम्ही जेवत होतात ना, तेवढं मला पुरं होतं.

माणूस रडला हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, तुका तेवा काय वाटला, ता मी कधी इचारूकच नाय. आणि विचारलं. मी सांगितलं. संध्याकाळचा चहा राहिला, दिवा लावायचा राहिला, आम्ही आपले बोलतोय. मग त्यांनीही सांगितलं, बागेतल्या त्या लोकांची नावं कधी विचारली नाहीत, पण एक जण यायचा बंद झाला तेव्हा घास गिळवेना.

मी मॅडमना विचारलं, ही लेखिका कधी आमच्या घरी आली नाही, मग हिला कसं कळलं? मॅडम म्हणाल्या, अगं, तो काळ तुमच्या एकट्यांच्या घरात थोडाच आला होता. खरं आहे. मला वाटत होतं ते माझं एकटीचं गुपित, आणि ते गल्लीगल्लीत होतं.

आता वाचनालयात माणसं कमी येतात, मॅडमही थकल्यात. मी अजून जाते, जमेल तेवढे जिने चढते. ह्यांना तर मुळीच दिसत नाही हल्ली, पण दुपारी मी चष्मा शोधायला लागले की हे उशी सरळ करून बसतात. वाचता वाचता मध्येच थांबवतात, म्हणतात, थांब, आपला काय झालेला ता आधी सांग. मग पुस्तक राहतं बाजूला. त्या लिहिणाऱ्या बाईला मी बघितलेलं नाही, पण असेल तिथं सुखात राहो ती, तिचं घर भरलेलं असो.