चंद्रीच्या गोठ्यावरचा कॅमेरा

सुरुवातीलाच माफी मागतो. दुसऱ्याचं आयुष्य लिहून काढावं एवढी माझी पात्रता नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराशिवाय मी आजवर फारसं काही लिहिलेलं नाही. माझ्या वडिलांचा पाय मोडला म्हणून मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात त्यांच्याजवळ राहत होतो. शेजारच्या खाटेवर बाळूअण्णा होते. ते हडपसरच्या पुढच्या एका गावचे, आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका सकाळी त्यांच्या पत्नी सुमनकाकू घाईघाईनं गावाकडे गेल्या आणि अण्णा सारखे मोबाईल उघडून बघत राहिले. त्यांचं मन जरा दुसरीकडे जावं म्हणून मी विचारलं, अण्णा, पूर्वी कसं होतं हो तुमचं गाव? ते बोलत गेले आणि त्यांच्या परवानगीनं मी ते माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड केलं. खाली आहेत ते शब्द त्यांचे. कुठे काही चुकलं असेल तर ते माझ्याकडून.

आमचं गाव म्हणजे हडपसर ओलांडलं की कालव्याच्या अंगाला. आता गाव म्हणायला नुसता पार आन् मारुतीचं देऊळ राहिलंय, बाकी सगळ्या सोसायट्या, पण मी जन्मलो तवा आमच्या दारातून निघालं की थेट नदीपर्यंत ज्वारी, कांदा आन् थोडा ऊस. मला कळायला लागलं तसं वडिलांनी मला राखणीला बसवलं. रानात माळा बांधायचा, त्यावर मी, आन् हातात गोफण. पाखरं हाकायची. वडील सांगायचे, बाळू, दगड पाखराला लागला नाय तरी चालंल, नुसता आवाज झाला पायजे, कुणीतरी बघतंय एवढं पाखराला कळलं की झालं. ते मी आयुष्यभर केलं बघ. कुणीतरी बघतंय एवढं दाखवत बसलो.

थांब जरा, परत उघडून बघतो. नाय. काळंच हाय. कालपर्यंत या मोबाईलमधी माझा गोठा दिसत होता, माझी चंद्री दिसत होती, आन् आज उजाडल्यापासनं नुसतं काळं. चंद्री आजउद्या व्यायची हाय. म्हणून तर सुमनला पाठवली, म्हणलं जा, बघ, हाय का गेली.

तर काय सांगत होतो. भावाभावांत वाटण्या झाल्या, रानं बिल्डरकडं गेली, आन् मी तिथंच जवळ एका कॉम्प्युटरच्या कंपनीत सिक्युरिटीला लागलो. निळा ड्रेस, शिट्टी, पहिल्यांदा गेटवर होतो, मग साहेबांनी आत बसवलं, भिंतभर टीव्ही लावलेले, एकात जिना, एकात पार्किंग, एकात लिफ्टचं दार. बघत बसायचं. काय दिसायचं? काय बी नाय. रिकामा जिना. एखादी पोरगी फोनवर रडत उतरायची, एखादा पोरगा डबा घेऊन चढायचा, परत रिकामा जिना. पण मी लई नेकीनं बघितला तो जिना. सुमन म्हणायची, अहो, दिवसभर लोकांचा जिना राखून येता, आपल्या गोठ्याची कडी तुटलीय ती कवा बघणार. तिचं बोलणं असंच, सुईसारखं, पण लागलं तरी रक्त येत नाय.

गोठा म्हणजे कालव्याकडंचा तुकडा राहिलाय ना, त्यात चार पत्रे. तिथं लाईट नाय. मीटर घ्यायचं तर उताऱ्यावर सगळ्या चुलतभावांची नावं, आन् एक जण सही द्यायला तयार नाय. म्हणलं राहू दे, गाईला काय टीव्ही बघायचाय. आन् ही चंद्री कोण, तर माझ्या आईची जी गाय होती तिची ही नात. आईच्या गाईच्या कपाळावर पांढरा चांद होता, चंद्रीच्या आईला नव्हता, चंद्रीला परत आला. एवढ्या गल्लीत आता ही एकच गाय. सोसायटीतली माणसं पोरांना घेऊन येतात, गाय दाखवायला, जत्रेतला हत्ती असल्यासारखी. पण चंद्री गाभ धरत नव्हती. मागच्या खेपेला धरला तर वासरू पोटातच गेलं. पोरगा म्हणला, अण्णा, आता तिचं वय झालं, ही खेप बघू, नायतर देऊन टाकू कुठंतरी गोशाळेत. मी बरं म्हणलं, पण मला जेवण गेलं नाय. आईच्या दावणीचं शेवटचं जनावर ते. हिच्यामागं कुणी नाय.

या खेपेला डॉक्टर म्हणले, अण्णा, सगळं ब्येस हाय. आन् तेवढ्यात माझा गुडघा पार गेला. ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी तिच्या दिवसांत. मी म्हणलं पुढं ढकलू. सुमन म्हणली, गुडघा आधी, चंद्रीला चार पाय हायेत, तुम्हाला दोनच, त्यातला एक गेलाय. बरं, पोरगा नोकरीला बाहेरगावी, माझ्यापाशी हॉस्पिटलात ती राहणार, मग गोठ्यावर कोण? शेजारचा पोपट वैरण-पाणी करतो म्हणला. पण आदल्या महिन्यात कालव्यापल्याडच्या गोठ्यातनं भरदिवसा दोन जनावरं टेम्पोत घालून नेली होती कुणीतरी, लोकांना वाटलं मालकानंच विकली. एवढ्या वर्षांची नोकरी राखणीची, आन् स्वतःचं जनावर उघड्यावर टाकून खाटेवर पडायचं.

मग मी आन् सुमन बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारात गेलो. दुकानदाराला सांगितलं, लाईट नाय, वायर नाय, वायफाय नाय, पण कॅमेरा पायजे. तो वर बघून म्हणला, जागा तरी आहे का? आहे म्हणलं. मग दाखवला, सूर्यावर चालणारा, वर काचेचं पॅनेल, आत बॅटरी, सिमकार्ड घालायचं की चित्र थेट मोबाईलवर. मी इचारलं, चोर आला तर? तो म्हणला, काका, कॅमेरा बघतो, धावत नाही, धावायचं तुम्हाला. मी म्हणलं, माझा गुडघा गेलाय. मग म्हणला, बसल्या जागी ओरडा, यातून आवाज तिकडे जातो, आणि तिकडचा इकडे येतो. पॅनेल तेवढं दक्षिणेकडे तोंड करून उघड्यावर लावा, काच स्वच्छ ठेवा, बाकी ते पोरासारखं त्रास देत नाही.

लावायला पोपट शिडी घेऊन आला. लोखंडी खांबाला पट्टी आवळली, कॅमेरा दावणीकडं वळवला, पॅनेल पत्र्यावर. आता सुमन अडून बसली, दक्षिणेकडं तोंड नको. आपण दक्षिणेला तोंड करून जेवायला बसत नाय, पाय करून झोपत नाय, आन् बाळंतीण व्हायची त्या जागेवर हे यमाच्या दिशेला तोंड करून? पोपट शिडीवर लटकलाय, खाली आमचं भांडण. शेवटी पूर्वेला लावून बघितलं, दुपारनंतर त्या पंचवीस मजल्यांच्या बिल्डिंगीची सावली आली आन् बॅटरीचा आकडा उतरायला लागला. मग तीच म्हणली, करा दक्षिणेला, मी बघते काय करायचं ते. तिच्या मनातनं काय ते गेलं नाय.

पण चित्र काय येत होतं सांगू. मी घरात चहा पितोय आन् चंद्री माझ्या तळहातावर रवंथ करतीय. ॲपनं टिंग वाजायचं, काय हाललं की टिंग. कावळा बसला टिंग, शेपूट हाललं टिंग. इथं ऑपरेशन झाल्यावर शुद्धीवर आलो तर पहिलं टिंगच ऐकलं. सिस्टर म्हणल्या, अण्णा, तो मोबाईल ठेवा, तुमचं प्रेशर वाढतंय. म्हणलं, ठेवला की वाढंल. आन् परवा तर पोपट चंद्रीला ओला घास लई घालायला लागला, मी इथनं ओरडलो, पोप्या, पुरे! तो पेंडी टाकून पळाला, पार बांधापर्यंत. मग येऊन कॅमेऱ्याला हात जोडतोय. तुझे वडील इतके हसले की त्यांचं प्लॅस्टर हाललं.

आता नाय वाजत. सकाळपासनं एक बी टिंग नाय. चोरांनी कॅमेरा उपटला का, गाय नेली का, का तिचं अडलंय आन् जवळ कुणी नाय, काय समजायचं? पोपटला लावतोय, उचलत नाय. सुमनला लावला तर माझ्याच उशीखाली वाजला. घाईत फोन इथंच टाकून गेली. स्वारगेटला उतरून हडपसरची बस धरली असंल, पोचली पण असंल एव्हाना. आता ती तिथं, तिचा फोन इथं, आन् मधी मी.

नाय, मी घाबरलो नाय. मी समाधानी माणूस हाय, खरं सांगतो. दोन वेळचं मिळालं, पोरगा नीट लागला, बायको अशी मिळाली की भांडली तरी माझ्याच बाजूनं भांडली. एवढी ही एक गाय वाचली ना, मग मला काय मागायचं नाय. आता सुमनचंच बघ, दक्षिणेचं तिच्या मनात राहिलं होतं ना, तर खंडेनवमीला तिनं त्याची शांतच केली. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, नांगर गेला तरी कोयता, विळा, पहार मांडतो. ती म्हणली, यंदा राखणदाराची बी पूजा करायची. पोपटला परत शिडीवर चढवला, हळद-कुंकू वाहायला लावलं, आन् त्या शहाण्यानं कुंकू लावलं ते बरोबर कॅमेऱ्याच्या डोळ्याला. मोबाईलवर बघतो तर चंद्री लालभडक. ते पुसून घेतलं. मग तिनं स्वतः ओवलेली झेंडूची माळ दिली वर, मनगटाएवढी जाड, आंब्याची पानं घातलेली, म्हणली दोन पदर करून नीट घाल, वाऱ्यानं पडंल. दसऱ्याची माळ आपण काढत नाय, आपोआप सुकून पडू देतो. ती तशीच ठेवून आम्ही इकडं…

थांब.

माळ. अरे, माळ पॅनेलवर हाय! काचेवर! झेंडूचे दोन पदर, वर आंब्याची पानं, आन् मी इथं चोर शोधतोय. रोज आकडा थोडा थोडा उतरत होता, मला वाटलं आभाळ असंल. दुकानदार सांगत होता काच उघडी ठेवा, आन् आम्ही पूजा करून झाकून ठेवली. काय म्हणता हो तुम्ही? ऐक, तुझे वडील काय म्हणतात, देवाला झाकून ठेवायचं आन् वर दर्शन देत नाय म्हणून रडायचं. हसा, हसा. मला बी हसू येतंय. म्हंजी कॅमेरा कुणी उपटला नाय. पण गाय? गाईचं तर अजून कळलंच नाय. आन् सुमन ती माळ काढणार नाय, हात लावायची नाय ती दसऱ्याच्या माळेला. तिला सांगायचं कसं, फोन तर इथं उशीखाली.

बारा वाजत आले असतील. आपल्या गोठ्यावर आता चांगलं ऊन असंल. आईच्या गाईला मी याच वेळेला कालव्यावर न्यायचो…

ऐकलंस? टिंग झालं. माझा चष्मा दे, तो तिथं, डब्याच्या मागं. आलं, चित्र आलं! पण हे काय, नुसतं पिवळं पिवळं दिसतंय. झेंडू हाय. सुमन, अगं मागं सर, माळ हालव पुढनं, नाकच दिसतंय तुझं नुसतं. हां. येतंय, ऐकू येतंय, ओरडू नको, अख्खा वॉर्ड ऐकतोय. ती म्हणती, फोन तिथंच राहिला, पोपट त्याचा घरी ठेवून आलाय, मग म्हणलं या खांबापुढं उभं राहून बोलत राहावं, कवातरी ऐकाल. बरं, आन् पोपटला शिडीवर चढवून माळ कशी काय काढायला लावलीस तू? दसऱ्याची माळ? काय? चंद्रीच्या गळ्यात घालायला? चंद्रीच्या गळ्यात कशाला…

बाजूला हो. सुमन, बाजूला हो म्हणतो ना, तुझ्या मागं काय हाय ते दिसू दे.

उभी हाय. उभी हाय गं माझी बाय, चाटतीय बघ कशी. ओलं हाय अजून, पाय ठरत नायत त्याचे, पडलं, उठलं, बघ, उठलं. कपाळावर चांद. बघ तू, तुझे डोळे तरणे हायेत, चांद हाय ना? हाय ना? सुमन, ते राहू दे, माझ्या गुडघ्याला काय झालं नाय, आधी सांग, गोऱ्हा का कालवड?

कालवड.

ऐकलं का हो सगळ्यांनी? सिस्टर, आमच्या दावणीला कालवड झाली.