एकदा वळवले की परत येत नाहीत

नाही, मला सांगा, 'आपल्या सोयीनुसार' म्हणजे नक्की कुणाच्या सोयीनुसार हो? क्रेडिट कार्डाबरोबरच्या त्या गुळगुळीत पत्रकात छापलंय, 'आपले पॉइंट आपल्या सोयीनुसार विमानाच्या मैलांत वळवा.' वळवा! जशी काही गुरं आहेत, हाळी दिली की वळली! खात्री करावी म्हणून फोन लावला, तर पलीकडे एक मुलगी, आवाज असा गोड की पाकात बुडवून काढलाय, म्हणते, "हो सर, नक्की सर, फक्त एक सांगते सर, एकदा वळवले की परत येत नाहीत." झालं! मी फोन ठेवला आणि पत्रक घडी करून पुन्हा पाकिटात घातलं.

तुम्हाला सांगतो, मी उभा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढला. कुणी बोल्ट मागायला आला की पहिला प्रश्न, "जुना कुठाय?" जुना दाखवल्याशिवाय नवा द्यायचा नाही. फोरमन वैतागून म्हणायचा, "अरे, तुझ्या बापाचा कारखाना आहे का?" नव्हता, पण माल बाहेर निघाला की माझा जीव खालीवर व्हायचा, त्याला मी काय करू? आणि अशा माणसाला सांगतात, सगळा साठा एका बटणावर बाहेर काढ, आणि परत घेणार नाही!

बरं, हे पॉइंट काय आभाळातून पडले होते? मित्रांबरोबर जेवायला गेलो की बिल मी भरायचो, कार्डावर, आणि बाकीच्यांकडून रोख गोळा करायचो. शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन? माझ्या कार्डावर. व्याह्यांची कवळी? माझ्या कार्डावर! ते हसले की मला माझे पॉइंट दिसायचे. माझं कार्ड म्हणजे... तसं ते हिचं. म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं. घेतलं तेव्हा ही शाळेत मुख्याध्यापिका, पगार हिचा जास्त, म्हणून मूळ कार्ड हिच्या नावावर आणि मला पुरवणी. पुरवणी! परीक्षेत मागितली तर पोरगं हुशार म्हणतात, संसारात मिळाली की कळतं आपण कितव्या पानावर आहोत.

आणि हे सगळं कशासाठी? विमानात फुकट बसायची हौस म्हणून? छे हो. ताईसाठी. आमची थोरली ताई समुद्रापार असते, मुलाकडे. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो, ताईनंच मला लहानाचं मोठं केलं. तिला आता काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडेनं मिटत जाणार, आणि गेलेली परत येत नाही. म्हणजे बघा, तिकडेही तेच! ताई फोनवर म्हणाली, "बाळ्या, अजून समोरचा चेहरा दिसतो रे. दिसतोय तोवर येऊन जा." मी आपलं "येतो, येतो" म्हणालो आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो. तिकीट विकत घ्यावं, तर किंमत ऐकून आमची पेन्शन खो खो हसते. राहिले पॉइंट.

मग आमच्या जिन्यातल्या मैलमास्तरांकडे गेलो. खरं नाव सगळे विसरलेत, माणूस पॉइंटांवर अर्धं जग फिरून आलाय. म्हणाले, "अजिबात वळवू नका! मैलांना मुदत असते. कंपनी रातोरात भाव वाढवते, आज जितक्यात दोन माणसं जातात तितक्यात उद्या एकाची बॅग जाईल." म्हटलं, बरं, राहू दे, नाही वळवत. "छे छे, असं कसं? बँक काय धुतल्या तांदळासारखी आहे? पॉइंटांची किंमत कधी अर्धी करेल सांगता येत नाही. आजच्या आज वळवा!" अहो, मग करू काय? "आधी मैलांवर मिळणारी फुकट सीट बघायची. दिसली की वळवायचे." आणि वळते होईपर्यंत सीट गेली तर? "तर गेली!" चहा पिऊन शांतपणे म्हणतो, तर गेली! इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी, हातात पुरवणी कार्ड घेऊन!

झालं, सुरू झाला आमचा दिनक्रम. सकाळी उठायचं, दात घासायच्या आधी सीट बघायची. सीट असायची! दोन-दोन असायच्या! बटणावर बोट न्यायचं, की कानात तो पाकातला आवाज... एकदा वळवले की परत येत नाहीत... की बोट मागे. दुपारी बघावं तर सीट गायब. बायको दारात उभी राहून बघायची. एक दिवस म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणजे मैलाचा दगड आहात. कुठलं गाव किती लांब ते बरोब्बर सांगता, पण स्वतः जागचे हलत नाही."

लागलं हो मनाला. पण खोटं काय होतं त्यात? तिकडे ताई सांगत होती, आता दारातून कोण आलं ते अगदी समोर येईपर्यंत कळत नाही, सांडलवंड होते, सून काही बोलत नाही पण पुसते. आणि मी इकडे जोखीम तोलत बसलोय! मग आली ना बँकेची सूचना... पहिल्या तारखेपासून पॉइंटांची किंमत अर्धी. मैलमास्तर जिन्यात भेटले तर म्हणतात कसे, "मी म्हटलं नव्हतं?" अहो, तुम्ही दोन्ही म्हटलं होतं!

मी डोकं धरून बसलो. बायको म्हणाली, "सरका." बसली, एक बटण दाबलं, आणि वळवले. संपलं! तोवर पहिली तारीख उलटून गेली होती, त्यामुळे दोघांचं तिकीट एकावर आलं. पण एक तर एक! ताई माझी, तेव्हा जाणार मी. बायकोच म्हणाली, "तुम्हीच जा." मी बॅग काढली, पुसली, आणि तिकीट काढायला बसलो. तर पडद्यावर काय? 'प्रवासी : खातेदार किंवा नॉमिनी.'

खातेदार बायको. कार्ड तिचं, म्हणून मैलांचं खातंही तिचंच. नॉमिनी? आता ऐका. खातं उघडताना नॉमिनीचं नाव विचारलं होतं. बँकेत नॉमिनी म्हणजे काय? आपल्या माघारी ज्याला मिळायचं तो! मी विचार केला, आपण काय, हिच्या आधीच जाणार, आपलं नाव घालून फायदा काय? दूरदृष्टी हो, दूरदृष्टी! घातलं भाच्याचं नाव. ताईच्या मुलाचं. आणि विमानवाल्यांत नॉमिनी म्हणजे, आपल्या मैलांवर ज्याला जिवंतपणी बसता येतं तो! म्हणजे ताईला भेटायला जाऊ शकणारी माणसं दोनच. एक माझी बायको, आणि दुसरा... जो रोज ताईच्याच घरी झोपतो!

फोन लावला. "नॉमिनी बदलता येईल का हो?" "हो सर, नक्की सर, सहा महिन्यांनी लागू होईल सर." "आणि मैलांची मुदत?" "ती त्याआधी संपते सर." "मग पुन्हा पॉइंट करून द्या." "सर, एकदा वळवले..." म्हटलं, पुरे बाई, पाठ आहे मला.

तर बायको गेली. मी विमानतळावर सोडून आलो. पोचल्यावर हिनं व्हिडिओ कॉल केला, बघतो तर ताईनं हिचा चेहरा दोन्ही हातांत धरलाय, नाकाला नाक लागेल इतका जवळ. म्हणाली, "बाळ्या, हिचा चेहरा अगदी स्वच्छ दिसला बघ. फोनवर तू मात्र धुरकट दिसतोस." मी चष्मा काढून पुसायला लागलो. तशी म्हणते, "रडू नको वेड्या, तुझं तोंड पाठ आहे मला. शेंबूड मीच पुसायची ना?"

आता ठरलेली परतीची तारीख उलटून गेलीय. ही ताईला रोज पेपर वाचून दाखवते, दोघी मिळून मला नावं ठेवतात. काल विचारलं, "अगं, येतेस कधी?" तर तोच पाकातला आवाज काढून म्हणते, "सर, एकदा वळवले की परत येत नाहीत!" आणि मागून ताई खदाखदा हसतेय... म्हटलं, हसा.

मी काय करणार? पुन्हा जमवतोय. एकट्याच्या किराण्यावर किती पॉइंट पडणार, पण जमवतोय. ताई म्हणालीय, "तोवर नजर धरून ठेवते." नॉमिनी बदलायचा अर्जही टाकलाय, माझ्या नावाचा. त्यात 'खातेदाराशी नातं' म्हणून एक रकाना होता. मी लिहिलं, 'पुरवणी'.