करंजखिंडीतले दाजी

ऐका. जरा आगटीजवळ सरका, आन् गोष्ट संपंस्तवर कुणी उठू नका.

यशवंता केंजळे गाव निजल्यावर पिकअप घिऊन निघाला. एकटाच. करंजखिंडीतनं पलीकडं, बहिणीच्या गावाला. दिवसाढवळ्या का न्हाई गेला म्हणता? लाज, बाबांनो. ती गाडी कुणी वळखू नये म्हणून. त्याच गाडीत त्याचं दाजी गेलं हुतं!

दाजी म्हंजी सर्जेराव. त्याच्या बहिणीचा, हौसाचा नवरा. लई गुणाचा माणूस. यशवंताचा टोमॅटो तोडून पडल्याला, आन् नेमका त्याला ताप भरला. माल बाजारात न्यायला दाजी धावून आलं. चावी हातात घेतली आन् इचारलं, "पाव्हणं, ब्रेक ठीक हाय न्हवं?"

यशवंताला ठावं हुतं. ऑइल गळत हुतं, पायडल मऊ लागत हुतं. पण माल नासला असता! त्यो म्हणाला, "हाय की. जावा बिनघोर."

खिंडीच्या उतारावर गाडी दरीत गेली. दाजी जागच्या जागी संपलं.

आन् खरं पाप फुडंच हाय, ऐका. मयत दरीतनं वर काढाय माणसं जमली. जो तो इचारतोय, असं कसं झालं? यशवंताच्या तोंडातनं निघून गेलं, "घेतली असंल थोडी." बास! ज्यानं कवा थेंबाला तोंड लावलं न्हाई, त्यो माणूस दारुडा ठरला. शब्द खिंड वलांडून हौसाच्या सासरी पोचला, आन् तिथंच ऱ्हायला.

गाडी वर काढून यशवंताच्या गोठ्यामागं टाकली. तिथं ती गंजली. घेवड्याचा वेल टपावर चढला, हौद्यात कोंबड्या अंडी घालाय लागल्या. यशवंता तिकडं बगायचा न्हाई.

अशी वर्सं गेली. मग एक दिवस कानावर आलं, हौसाच्या लेकीची सोयरीक मोडली. पोराकडची म्हणाली, पोरीचा बाप पिऊन मेला, असल्या घरात नगं.

यशवंता उठून गोठ्यामागं गेला, गाडीम्होरं हुबा ऱ्हायला. खरं सांगून टाकावं, तर जीभ उचलंना. तोंडानं जमंना म्हणून त्यानं हातानं काम काढलं.

वेल तोडला. नट गंजून चिकाटल्यालं, रॉकेल सोडून सोडून ढिलं केलं. सडका पत्रा कापून नवा जोडून घेतला. पॉलिश पेपर घासून घासून बोटांची सालटी निघाली. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरली. वर निळा रंग मारला, पयला हुता तसाच. इंजिन वस्तादाकडनं बांधून आणलं. आन् ब्रेकचं तर समदं नवं! बायको म्हणायची, "अवो, भंगारात द्या की ती. बघवत न्हाई मला." ह्यो घासतच ऱ्हायचा. गाडी हौसाच्या पोराला द्यायची, त्यो चालवंल, घर सावरंल. म्हंजी आपुन सुटलो. असं त्याच्या मनात.

पण रोज सकाळी बगावं तर ब्रेकचं पायडल खाली, पार तळाला टेकल्यालं! कुणीतरी जीव खाऊन दाबून धरल्यागत. ह्यो हातानं वर घ्यायचा. सकाळी पुन्हा खाली. बायकोला म्हणाला, उंदीर असंल. आता उंदीर ब्रेक दाबतोय व्हय? हसू नका. त्यो बी हसत नव्हता.

तर गाडी खिंडीला लागली. काळाकुट्ट अंधार. आधी वास आला. टोमॅटोचा! ताज्या तोडीचा, हिरवट. त्यानं काच वर केली. वास आतच!

मग गाडी मागनं बसली. चाकावरचं स्प्रिंगचं पाटं करकरलं. भरल्या मालाला कशी बसती, तशी. थांबून उतरला, बॅटरी मारली. हौदा रिकामा. पुन्हा निघाला, तर पुन्हा करकर!

आन् मागनं पत्रा वाजला. टक टक. "पाव्हणं, ब्रेक ठीक हाय न्हवं?"

आरं देवा! वर्सानुवर्सं खोट्याला सवकल्याली जीभ तशीच वळली. म्हणाला, "हाय की."

तसं गाडीनं येग घेतला. ॲक्सिलेटरवरचा पाय काढला, तरी येग वाढतोय! वळणावर करंजाचं वाकडं झाड गेलं. फुडच्या वळणावर तेच झाड. त्याच्या फुडं बी तेच! चकव्यानं धरला हुता त्याला. पळतोय, पळतोय, आन् तिथंच.

"ब्रेक ठीक हाय न्हवं?" आता आवाज मागनं न्हाई. शेजारनं!

यशवंतानं मान वळवली न्हाई. डोळ्याच्या कडंनं दिसलं तेवढंच. दाजी बसल्यालं. मांडीवर हात, नजर सरळ रस्त्यावर. अंगावर लाल. टोमॅटोचं का कशाचं, कोण सांगणार?

"हाय..." अर्धा शब्द निघाला न्हाई, तवर गाडी उताराला सुटली! पायडल दाबलं, गेलं तळाला. नवाकोरा ब्रेक, आन् तळाला! म्होरं दरी.

तवा त्यो वरडला. "न्हाई! दाजी, ब्रेक न्हवता! मला ठावं हुतं!"

गाडी तशीच धावतीया. दाजींनी हळूच इचारलं, "आन् मी प्यालो हुतो?"

"न्हाई! थेंबसुदिक न्हाई! मी खोटं बोललो! मीच!"

तसं पायडल पायाखाली घट्ट लागलं. चाकं किंचाळली. गाडी आडवी झाली आन् थांबली. एक चाक दरीवर अधांतरी फिरतंय! यशवंता सरपटत दुसऱ्या अंगानं उतरला. दाजींची जागा रिकामी हुती.

रात्रभर पायी चालला. उजाडताना हौसाच्या दारात. ती सडा घालत हुती. ह्यो तिथंच चिखलात बसला आन् समदं वकला.

हौसानं बादली खाली ठेवली. म्हणाली, "दादा, ते प्यालं नव्हतं हे मला काय सांगतोस? त्या दिशी माझ्याच हातची भाकर खाऊन निघालं हुतं. ऊठ. गावाला सांग."

देवळाम्होरं माणसं जमली, आन् हात जोडून त्यानं सांगितलं. कुणी थुकलं, कुणी उठून गेलं. तिचा पोरगा तर अंगावर धावला. हौसानंच आडवलं.

पोरीचं लगीन फुडं झालं, चांगल्या घरात. मामा म्हणून यशवंताला बोलावणं हुतं, पण अंतरपाटामागं हुबं ऱ्हायला हौसानं चुलतभावाला सांगितलं. यशवंता मांडवाच्या कडंला बसून अक्षता टाकून आला. ती गाडी पोरानं घेतली न्हाई. क्रेन लावून काढली आन् भंगारात दिली.

माफ केलं का म्हणता? ते हौसाला इचारा. मी इचारलं न्हाई.

पण करंजखिंडीतनं अंधार पडल्यावर जाऊ नका रं. गाडीनं नगं, पायी बी नगं. लांबचा रस्ता धरा, उशीर हुईना का. आन् कुणाच्या पोटात काय सलत असंल, त्यानं तर दिवसासुदिक जाऊ नगं.