कप्तान भैरव आणि पुढची ओळ

मंडळी, ऐका! पूर्वरंग झाला, गळ्यात हार पडला, बुक्का लागला, मधल्या वेळात चहाही झाला. आता आख्यान. पण आख्यानाआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच द्यायचं नाही, नुसता पदराला बांधून ठेवायचा. गोष्टीतला माणूस चुकला, तर दोष कुणाचा? त्या माणसाचा, की गोष्ट लिहिणाऱ्याचा?

सोपं वाटलं ना? मग आता पुढचं विचारतो. आपण चुकलो तर? आपली गोष्टही कुणीतरी लिहितोच आहे — हा बघा, मखरात बसलाय, मोदक हातात. लेखणी धरायचं काम त्याचं जुनंच! मग आपल्याला बोट दाखवायला बरं. "त्याच्या मनात नव्हतं हो," म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. म्हणतो की नाही आपण? मी तर वर्षाचे बारा महिने म्हणतो.

आणि हो — ही इथे पेटी झाकून ठेवलीय, वाजवणारा कुणी नाही, बुवा नुसत्या तबल्यावर रेटतायत, हे मघापासून तुमच्या डोळ्यांत दिसतंय मला. ते शेवटी सांगतो. आजचं आख्यान पुराणातलं नाही. आज आपल्याला जायचंय अंतराळात! आजोबा, मफलर असला तर कानांवर घ्या. वर गारठा आहे.

तर, एक होते कीर्तनकार. नाव सांगत नाही. वय पंचावन्न. आधी पोट पोचायचं, मागून बुवा. आवाज बरा, पाठांतर बरं, आणि स्वतःविषयीचं मत मात्र फार म्हणजे फारच चांगलं. तबलेवाले, हसू नका, ठेका सांभाळा.

या बुवांच्या साथीला पेटीवर जनूभाऊ पांचाळ. एकोणीस वर्षं! आता कीर्तनात पेटीवाल्याचं काम काय, ते ऐकून ठेवा, पुढे लागेल. कीर्तनकार दोन दोन तास उभ्यानं बोलतो, गातो. माणूसच तो, कधीतरी अडतो. डोळ्यांसमोर नुसता अंधार, पुढचं पद काही केल्या आठवत नाही. तेव्हा जाणता पेटीवाला खाकरत नाही, खूण करत नाही. तो हळूच पुढच्या पदाची पहिली ओळ वाजवतो. लोकांना वाटतं, वा, काय सुरेख जागा भरली! बुवांना ओळ सापडते आणि गाडी सुरू. जनूभाऊंनी अशा ओळी किती दिल्या, बुवांना पत्ता नव्हता. कारण ओळ सापडली की बुवांना वाटे, आपल्यालाच आठवली.

या दोघांना एक नाद होता. गावोगावच्या कीर्तनांना एसटीनं जाताना मोबाइलवर एक मालिका बघायचे. नाव 'ध्रुवयान'. एक मोबाइल, एक इअरफोन — डावं टोक बुवांच्या कानात, उजवं जनूभाऊंच्या. घाट आला की चित्र अडायचं, मग दोघं तसेच, वायरीनं बांधलेले, खिडकीबाहेर बघत बसायचे.

मालिकेत काय? तर एक अंतराळयान. त्यावर कप्तान भैरव. छाती ही एवढी, आवाज गडगडाटी, माघार घेणं ठाऊक नाही. आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत सोमा, यानाची दिशा सांभाळणारा. कप्तान बोलायचा, सोमा वळवायचा. बुवांना कप्तान फार आवडायचा. जनूभाऊंना कोण आवडतो, हे बुवांनी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माघातलाच उत्सव. देऊळ कुठलं, ते मागाहून. उत्तररंग ऐन भरात आलेला, आणि पेटीवाला मध्येच वाजवायला लागला! निदान घरी आल्यावर बुवांनी बायकोला असंच सांगितलं. तर बुवा थांबले, पेटीकडे वळले आणि म्हणाले, "जनूभाऊ, शेवटची एसटी चुकतेय का तुमची? आम्हांला संपवू तरी द्या."

काय हशा पिकला, मंडळी! मंडप हलला. बुवा खूश. आयुष्यात आख्यानाला एवढी दाद मिळाली नव्हती.

जनूभाऊंनी मान खाली घालून शेवटपर्यंत साथ केली. आरतीलाही वाजवली. मग भाता लावला, पेटीवर पांघरूण घातलं — पेटी बुवांची होती — आणि पेटी तिथेच ठेवून घरी गेले. पुन्हा साथीला आले नाहीत.

बुवांनी फोन केला का? छे! बुवा म्हणाले, चार शब्द थट्टेनं बोललो तर एवढं रुसायला हा काय मांडवातला जावई आहे? महिना गेला. मग म्हणाले, येईल आपला आपण. सहा महिने गेले. मग नेहमीचं — योग संपला, त्याच्या मनात नव्हतं! आणि बोट कुणाकडे? याच्याकडे, मखराकडे.

पुढच्या दोन वर्षांत चार पेटीवाले झाले. चौघंही हाताचे तयार. पण बुवा अडले की चौघंही बुवांच्या तोंडाकडे बघत बसायचे. बुवाही त्यांच्याकडे बघायचे. लोक दोघांकडे बघायचे. कीर्तनं कमी झाली हो. बुवांनी लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात.

आता मालिका. बुवा ती एकट्यानं बघू लागले, दोन्ही टोकं स्वतःच्याच कानांत घालून. एका भागात काय झालं — यान उल्कांच्या गर्दीत सापडलं. कप्तान भैरव ओरडला, डावीकडे! डावीकडे मरण होतं. सोमानं यान गुपचूप उजवीकडे घेतलं. सगळे वाचले. आणि कप्तानानं काय केलं? सगळ्या खलाशांसमोर सोमाला विचारलं, यान कुणाचं आहे? सगळे हसले. पुढचा तळ शनीच्या एका चंद्रावर होता, तिथे सोमा उतरला. यान निघून गेलं. पुढचे अकरा भाग कप्तानाच्या तोंडी सोमाचं नावसुद्धा नाही!

बुवा असे खवळले म्हणता! बायकोला म्हणाले, हे काय लिहिणं झालं? आता मोबाइलवर या मालिकेच्या चाहत्यांची एक चर्चेची जागा होती. तिथे खरं नाव सांगायची सक्ती नाही. बुवांनी स्वतःचं नाव ठेवलं 'आकाशयात्री'. कुणी ओळखू नये म्हणून हो! आणि रोज दुपारी वामकुक्षी सोडून लिहायला बसले. प्रत्येक मजकुराची सुरुवात काय असायची, सांगा पाहू? "मंडळी, ऐका!"

हसा, हसा. कुणी ओळखणार नाही, अशी बुवांची खात्री होती.

तिथे मोठं रण माजलेलं. एकाचं म्हणणं, कप्तान गर्विष्ठच दाखवलाय, तोच त्याचा दोष आणि तीच त्यातली मजा. दुसरा म्हणे, सोमाचं काम करणारा नट मालिका सोडून गेला असणार. एक बाई तर यानाला परत फिरायला इंधन पुरलं असतं का, याचा हिशेब मांडून बसलेल्या. बुवांनी सगळ्यांना गप्प केलं. चाळीस ओळी लिहिल्या. म्हणाले, हा पात्राचा दोष नाही, लेखकाचा आहे. वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं नावही घ्यायचं नाही? असा माणूस जगात नसतो. पात्र खोटं आहे!

शंभर जणांनी वाहवा केली. खाली एकानंच उत्तर दिलं. त्यानं तिथे नाव लावलं होतं 'सुपारी'. उत्तर एका शब्दाचं.

"असतो."

बुवांच्या अंगाचा तिळपापड! आणखी चाळीस ओळी. पुरावा द्या म्हणाले. सुपारीनं शांतपणे लिहिलं, "कप्तान सोमाला विसरलेला नाही. रोज आठवण येते, म्हणून तर नाव घेत नाही. घेतलं तर पुढचंही बोलावं लागेल."

बुवांनी मोबाइल उपडा ठेवला. त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोला म्हणाले, उन्हाचा त्रास.

मग चाहत्यांनी एक टूम काढली. कप्तान सोमाकडे परत जातो तो प्रसंग मालिकावाले लिहीत नाहीत ना, मग आपणच लिहू. प्रत्येकानं लिहायचा. बुवा तर वाटच बघत होते! त्यांनी असं लिहिलं — यान चंद्रावर उतरतं, तुताऱ्या वाजतात, कप्तान पायऱ्या उतरतो आणि कर्तव्य या विषयावर दोन पानं बोलतो. शेवटी सोमाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "जा, तुला क्षमा केली!"

मंडळी, पुन्हा ऐका. कप्तानानं सोमाला क्षमा केली! आणि लिहिताना बुवांच्या डोळ्यांत पाणी आलेलं, स्वतःच्याच लेखणीच्या कौतुकानं.

सुपारीनंही लिहिलं. पाच-सहा ओळींचंच. कप्तान येतो. सोमा तळावर एक पंप दुरुस्त करत असतो, तो मान वर करत नाही. कप्तान सगळ्या खलाशांना बोलावून घेतो, कारण जे सगळ्यांसमोर झालं ते सगळ्यांसमोरच निस्तरायचं. मग म्हणतो, वाट मी चुकलो होतो. त्यावर सोमा म्हणतो, "मी मध्ये आलो नव्हतो. तुम्ही अडलात, म्हणून पुढची ओळ वाजवली."

झालं! चाहते तुटून पडले. अहो, यानात ओळ कशी वाजते? सोमा यान चालवतो की पेटी? सुपारीराव, कुठली गोष्ट कुठे लिहिताय? बुवा पोट धरून हसले. हसत हसत बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, बघ हा अडाणी, अंतराळात पेटी घेऊन गेलाय!

बायको हसली नाही. तिच्या हातात निवडायची भाजी होती, ती तिनं खाली ठेवली. म्हणाली, "ती पेटी आपली आहे."

बुवांनी सुपारीची ओळ पुन्हा वाचली.

"मी त्या दिवशी पहिल्या रांगेत होते," ती म्हणाली. "तुम्ही अडला होतात. चांगलं जपमाळेचे दहा मणी ओढून होतील, इतका वेळ गप्प उभे होतात. मग त्यांनी ओळ दिली."

बुवांनी विचारलं, मग दोन वर्षांत बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही सांगत होतात.

तर मंडळी, असा तो बुवा. लेखकाचा दोष काढत बसलेला. पात्र खोटं आहे, असा माणूस जगात नसतो, हे चाळीस ओळींत पटवून देणारा. आणि तो माणूस कोण, तर मोबाइल धरून बसलेला तोच! सुपारीनं ती ओळ चुकून लिहिली की मुद्दाम, ते बुवांना अजून ठाऊक नाही. पण "मंडळी, ऐका" म्हणून सुरुवात करणारा आकाशयात्री कोण, हे सुपारीला पहिल्याच दिवशी ठाऊक असणार. दोन वर्षं ज्याच्याशी बोलणं नाही, त्याच्याशीच बुवा रोज दुपारी भांडत होते.

पुढचे आठ दिवस बुवांनी काय काय केलं! मोबाइलवर निरोप लिहिला, पुसला. मग वाटलं, आपण एकट्यानं जाऊ, जनूभाऊंना त्यांच्या आळीतल्या विहिरीपाशी गाठू, कुणी नसताना पटकन म्हणून टाकू. दोन वेळा विहिरीपर्यंत गेलेही. पण ती ओळ आडवी यायची — जे सगळ्यांसमोर झालं ते सगळ्यांसमोरच. आणि सगळ्यांसमोर बुवा उभे राहतात ते नारदाच्या गादीवर. या गादीची रीत तुम्हांला माहीत आहे. इथे उभा राहिलेला कुणापुढे वाकत नाही, वडीलधारेसुद्धा त्याच्या पाया पडतात. फार वाईट सवय आहे हो ही! कीर्तन संपतं, गादी गुंडाळतात, पण माणूस घरी गेला तरी वरून उतरत नाही.

आता पदराला बांधलेला तो प्रश्न सोडा. दोष कुणाचा? मला विचाराल तर लिहिणाऱ्यानं आपलं काम चोख केलंय. प्रसंग लिहिला, माणसं समोरासमोर आणली, आणि एक ओळ कोरी ठेवली. ती पात्रानं स्वतःच्या तोंडानं बोलायची असते. ती बोलायची नाही आणि म्हणायचं, त्याच्या मनात नव्हतं!

तुम्ही मान डोलावताय. थांबा, तुम्हीही सुटलेले नाही. ते देऊळ कुठलं, विचारलंत ना? हेच. हाच मंडप. बुवा कोण, ते तर तुम्ही केव्हाच ओळखलंत. पण त्या दिवशी इतका हशा पिकला, तो हशा कुणाचा होता? ज्याच्यावर हसलात, तो माणूस तुमच्याच आळीतला. उद्या सकाळी तो रस्त्यात भेटेल, तेव्हा तुम्ही काय बोलाल, ते आज झोपताना ठरवा. आणि घरोघरी असा एकेक सोमा कुठल्या ना कुठल्या चंद्रावर उतरवून ठेवलेला असतो, त्याचंही बघा.

जनूभाऊ दर माघात येतात. दर्शन घेतात आणि कीर्तन सुरू व्हायच्या आत निघून जातात. आज गेलेले नाहीत. त्या मागच्या खांबाशी, चपलांजवळ उभे आहेत. का थांबलेत, ते त्यांनाच ठाऊक. वळून बघू नका रे सगळे एकदम!

हा पाहा, मी गादीवरून खाली उतरलो. जनूभाऊ, त्या दिवशी वाट मी चुकलो होतो. तुम्ही ओळ दिलीत आणि मी तुमचंच हसं केलं. दोन वर्षं मला ते आतून ठाऊक होतं. हात जोडतो.

आता शेवटचा गजर व्हायचा राहिलाय, मंडळी. त्याआधी एक पद आहे. आठ दिवस पाठ केलंय, पण खरं सांगतो, आत्ता एक अक्षर आठवत नाहीये. पेटीवरचं पांघरूण काढा कुणीतरी. आणि मध्ये वाट ठेवा, पाय आवरून घ्या.

जनूभाऊ, अडलोय. पुढची ओळ द्या.