सारू उतू जातंय

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या दातांच्या दवाखान्यात वसुमतीअक्का नंबर यायची वाट बघत होत्या. समोरच्या बाकावर पुण्याकडचा शंतनु आणि त्याची मैत्रीण आर्या एकेक इअरफोन कानात घालून बसले होते.

“रेडिओचं सोड रे शंतनु, तीच तीच गाणी. हे ऐक. इथलीच मुलगी आहे, संपदा. मराठीत रॅप करते.”

“ही मराठी आहे? मध्येच कन्नड काय?”

“त्यांच्या घरात असंच बोलतात. कित्येक पिढ्या इथेच गेल्यात त्यांच्या.”

“भारी आहे यार! पण ही मागे कोण ओरडली?”

“तिची आई. संपदा स्वयंपाकघरातच रेकॉर्ड करते ना.”

“मग कापायचं की ते.”

“रेडिओवाले तेच म्हणाले. आईचा आवाज काढ, मग लावतो. मुलाखतीत सांगितलंय तिनं.”

“मग?”

“ती म्हणाली, आई राहील. तुमचा रेडिओ राहू दे.”

वसुमतीअक्कांनी पदर सावरला. रेडिओवाल्यांनी गाणं घेतलं नाही, एवढंच लेकीनं घरी सांगितलं होतं.

“आर्या, तो आईचा भाग परत लाव. स्पीकरवर लाव.”

फोनमधून आवाज खणखणला, “स्वल्प थांब गे, सारू उतू जातंय!”

“सारू म्हणजे रस्सम,” आर्या म्हणाली.

तेवढ्यात आतून नर्सनं दार उघडलं.

“वसुमती अम्मा, आत बन्नी! डॉक्टर थांबलेत.”

“स्वल्प थांब गे,” अक्का जागच्या न हलता म्हणाल्या, “गाणं संपू दे.”

समोरच्या दोन्ही माना एकदम वळल्या.