नळीला वय कळत नाही

“रिकामं पिस्तूल असं काही नसतं.”

मंडळी, आगाशे सरांचं हे वाक्य या हॉलमधल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शाळकरी होते, आणि ते मला उद्देशून नव्हतं. ज्या मुलीला उद्देशून होतं ती आज आली आहे. सरांची मुलगी, मुग्धा. दाराजवळच्या खुर्चीवर बसली आहे. तिच्यासमोर सरांबद्दल बोलणं मला जड जातंय.

मघापासून सगळ्यांनी सरांना फणस म्हटलं. बाहेरून काटेरी, आतून गोड. आपल्या रत्नागिरीत कुणीही गेलं की त्याचा फणस होतो. सर फणस नव्हते हो. ते आतूनही काटेरीच होते. ज्यांनी त्यांच्याकडे नेमबाजी शिकली त्यांना हे माहीत आहे.

नवीन आलेल्या पालकांसाठी सांगते. पिस्तूल हातात असेपर्यंत नळीचं तोंड लक्ष्याकडेच हवं. नेमबाजी संपली की नळीतून नारिंगी दोरा ओवायचा, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसतं. मग पिस्तूल टेबलावर ठेवायचं. आणि मगच मागे वळायचं. तो दोरा सर मिरकरवाड्याहून आणायचे, माझ्या अब्बांच्या जाळ्याचा. अब्बा चिडवायचे, “सर, याच्यातनं मासा सुटत नाय, तुमची पोरं कशी सुटतील?” प्रत्येक मुलाला सर स्वतःच्या हाताने दोरा कापून द्यायचे. तो मिळाला की आपण नेमबाज झालो.

निवड स्पर्धा इथेच झाली होती. संघात एकच जागा. मुग्धा पहिली येणार आणि मी दुसरी, हे सगळ्या हॉलला दिसत होतं. मुग्धाने शेवटचा छर्रा मारला. दहाच्या मधोमध. आणि आनंदाने ती मागे वळली, आईला बघायला. पिस्तूल हातात. दोरा टेबलावरच.

नळी काकूंच्या अंगावरून गेली.

“स्टॉप!” रेंजची कमांड सरांकडे होती.

“बाबा, रिकामं आहे.”

तेव्हा ते वाक्य आलं.

पंच म्हणाले, “सर, पोर आहे. ताकीद देऊन सोडू.” काकू उभ्या राहिल्या. “अहो, माझ्यावरच रोखलंन ना? माझी काही तक्रार नाही हो!” सगळे हसले. सर हसले नाहीत. मुग्धा बाद.

मग म्हणाले, “दोरा दे.” तिने दिला.

नंतर लक्ष्याची कार्डं तपासायला तेच बसले. छर्र्याचं भोक वरच्या गुणाच्या वर्तुळाच्या रेषेला नुसतं शिवलं, तरी वरचा गुण द्यायचा असतो. माझं एक भोक असंच होतं, शिवलंय की नाही कळेना. सरांनी भिंग लावलं आणि म्हणाले, “शंका आली की नेमबाजाच्या बाजूने.” गुण मला दिला. मुलीला बाद करून अर्धा तासही झाला नव्हता. तिला समोर बसवून कार्डं लावून घेत होते.

माझं नाव पुकारलं तेव्हा ते तिला म्हणाले, “टाळ्या वाजव.” तिने वाजवल्या. मला अजून ऐकू येतात.

त्यानंतर तिने पिस्तुलाला हात लावला नाही. शिकायला बंगळूरला गेली आणि तिथलीच झाली.

सर नियमाने वागले का? हो. त्यांच्यामुळे आपल्या रेंजवर आजवर कुणाला खरचटलंही नाही. इथल्या आयांची मुलं दोन्ही डोळ्यांनिशी घरी जातात, ती याच माणसामुळे. हे खरं आहे. आणि त्या टाळ्याही खऱ्या आहेत. एकाने दुसरं पुसता येत नाही. मी करून पाहिलंय.

सर दवाखान्यात होते तेव्हा मी म्हटलं, “सर, मुग्धाला फोन लावू?”

“ती चुकली होती, रेहाना.”

“पोर होती, सर.”

“नळीला वय कळत नाही.”

वाटलं, पुढे काहीतरी म्हणतील. शेवटी माणसं म्हणतात ना? सरांनी कूस बदलली आणि विचारलं, “रेंजवर कुलूप कोण लावतंय?”

मुग्धा, आज सकाळी तू मला म्हणालीस, “मी येईन, बसेन. पण त्यांच्यासाठी उभी राहणार नाही.” मी तुला समजावणार नाही. क्षमा कर, असंही म्हणणार नाही. त्यांनी मागितलेलीच नाही.

पण रेंजचा एक नियम सरांनीच आपल्याला शिकवला होता. “स्टॉप” कुणीही म्हणू शकतं. नवशिक्या, प्रेक्षक, कुणीही. तो शब्द आला की सगळ्यांनी थांबायचं, सरांनीसुद्धा. त्या दिवशी हा नियम पाठ असलेली माणसं हॉलभर बसली होती. सरांना कुणीही “स्टॉप” म्हटलं नाही.

मंडळी, आता श्रद्धांजलीसाठी आपण उभं राहायचं आहे. पण थांबा, उठू नका. कमांडशिवाय रेंजवर कुणी हलत नाही.

मुग्धा, आजची कमांड तू दे. बसूनच दे. एकच शब्द. “उठा” म्हणालीस तर आम्ही उभे राहू. नाही म्हणालीस, तर सरांसाठी इथे कुणीच उभं राहणार नाही.

तू नाहीच म्हणशील, हे मला ठाऊक आहे. तरी आम्ही वाट बघतो.